तंबाखू : नाही

११ जानेवारी
कमलला घेऊन हैदराबादहून परतलो. आधी गालातल्या गाठीचे ऑपरेशन, मग सहा आठवडे किरण. डावा गाल आत ओढला गेलाय. तोंड उघडते ते पाच काड्यांपुरते. चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. तिथून येताना जुडगाच दिलाय.
स्टँडवर नव्या जिल्ह्याची पाटी. रंगाचा वास अजून गेला नाही. टँकर चार दिवसांआड.

१९ जाने.
सहा काड्या. क. रडली, आवाज न करता.
किरणांनी लाळ आटली. घास तोंडात फिरतच राहतो. दर पाच-दहा मिनिटांनी घोटभर पाणी लागते. शेजारच्या शांताक्का आपल्यातली एक घागर आणून ठेवतात. उदगीरकडच्या, तोंडाने फटकळ. "सर, तुमी कालेजात बोलू बोलू पानी पिऊन राहिलाव. ते बंद करा, हिला द्या."

२ फेब्रु.
प्राचार्य म्हणाले, जिल्ह्याच्या समारंभात आपल्या भाषेवर बोला. नको म्हटले. बायको काय मागते ते मला तिने तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळते.

१५ फेब्रु.
नऊ काड्या. आता बोट आत जाते. तिनेच दाखवले. कितीतरी दिवसांनी वाटले की आता

६ मार्च
तपासणी. इथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारली. खालच्या ओठाच्या आत, उजवीकडे, पांढरा चट्टा. जुना की नवा, सांगता येत नाही म्हणाले. हिरडीवर काळे.
"हे काय लावता?"
मी म्हणालो, मिश्री. दात घासायची.
"ती कशाची करतात, सर?"
तंबाखूचे पान तव्यावर जाळून, कुटून. मला माहीत होते. सगळ्यांनाच असते. हैदराबादला केसपेपर लिहिताना विचारले, तंबाखू? मी म्हणालो, नाही. खोटे बोलतोय असे मनातही आले नाही. तंबाखू खातात ते पुरुष, चुना मळून, पिचकाऱ्या मारत. बायका दात घासतात. बावीस वर्षे वाणसामानाच्या यादीत ते पान मी साबणाच्या खाली लिहीत आलो.
चट्ट्याचा तुकडा काढून घेतला. तपासायला नांदेडला जाईल. जिल्हा नवा, सोय अजून तिकडेच. आठ-दहा दिवस.

७ मार्च
विचारले, परत कधीपासून?
"नऊ काड्यापासनं."
बोट शिरायला लागले त्या दिवसापासून. एकेक काडी मीच वाढवत होतो.
"लावल्याबिगर तोंड धुतल्यावानी वाटत न्हाई हो. तिथं तीन महिने पारोसंच वाटलं मला."
मिश्रीची डबी मागितली. दिली नाही.

९ मार्च
डबी सापडली. मोरीत ओतली.
दुपारी परसातून वास. चुलीवर तवा, दोघी पान भाजत बसलेल्या. म्हणालो, हे विष आहे. शांताक्का हसल्या. "माझी माय लावत लावत म्हातारी झाली, तिला न्हाई झालं ते. ईष असतं तर वाणी उघड्यावर ठिवून इकला असता का, सर?"
क.ने तवा उतरवला नाही. मग माझ्याकडे न बघता, "मला आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"
 

१३ मार्च
तीन दिवस क. बोलत नाही. डोके धरून पडून. हात थरथरतात. शांताक्का डबी घेऊन आल्या, तिने आतून कडी लावून घेतली. सोडली, असे तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.
डॉक्टर म्हणाले होते, कधीही सोडली तरी उपयोग आहे. माझा विश्वास बसत नाही. हे तिला कळू नये.

१७ मार्च
निरोप आला. रिपोर्ट तयार आहे, पेशंटला घेऊन नांदेडला या.
नुसता रिपोर्ट पोस्टाने येऊ शकतो. पेशंटला घेऊन कशाला? क.ने विचारले नाही. जायची साडी काढून ठेवली.
संध्याकाळी तिने शांताक्कांना बोलावले. दारातल्या उजेडाकडे तोंड करून बसवले. त्यांचा ओठ स्वतः खाली ओढला.
"सर, बाजारात बैल घ्यायला आल्यावानी बघून राहिली की हो ही."
क.ने पदराच्या टोकाने आत पुसले. पुन्हा पुसले. मला म्हणाली, तुमी बघा.
पाहिले. पांढरे होते. पुसून गेले नव्हते.
"दुखत न्हाई की," शांताक्का म्हणाल्या.
"मला तरी कुठं दुखत हुतं. उद्या चल अक्का, आमच्यासंगं." जड जिभेने, पण एका दमात.
शांताक्का तोंडावर पदर धरून उठल्या. हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या घराचे दार लागल्याचे ऐकू आले.
गाडी सकाळी सहाची. किती जागा धरायच्या, ठाऊक नाही.