खुंटीवरची बंडी

।। श्री ।।

बेंतोटा, श्रीलंका
१० जानेवारी २०२५

चि. सौ. दैवशाला हीस,
नंदाआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून आपलं जुनंच बरं. मी कागदावर लिहिते, आमची मीना त्याचा फोटो काढून शेजारच्या साजियाच्या फोनवर धाडेल. सून गुणाची आहे, कंटाळत नाही आणि दुसऱ्याचं पत्र वाचतही नाही.

इथे समुद्र अगदी खोलीच्या दारात. ऊन आपल्या चैत्रासारखं, आणि त्या उन्हात गोरी माणसं तेल लावून पालथी पडलेली असतात, सांडगे वाळत घातल्यासारखी. मलाही एक लांबलचक खुर्ची दिली आहे. अंगद म्हणतो, आई, बापूंचं वर्षश्राद्ध होईपर्यंत तू उंबरा ओलांडला नाहीस, आता जरा नुसती बस. पण नुसतं बसायची सवय मला कुठे आहे? सकाळी उठून खोली झाडून काढली, तर झाडायला येणारी पोरगी घाबरली. तिला वाटलं मी तिची तक्रार करणार. पुढे डोंगरातही न्यायचं म्हणतात. तिथे सीतामाईचं देऊळ आहे.

माझा जीव मात्र आपल्या गोठ्यात. माझ्या माघारी तू राजूरचं घर सोडून आष्टीला येऊन राहिलीस, तुझे उपकार आहेत. भुरी दूध देते ना? दिवाळीत तिचं रेडकू गेलं, तेव्हापासून सगळा खेळ हाताच्या ओळखीवर आहे. ह्यांच्या हातची म्हैस ती, तिला कुणी दांडकं दाखवू नये. उत्तर जल्दी धाड.

लहानांना पापा, लालबीला सलाम, भुरीच्या पाठीवर माझा हात. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नंदाआक्का

*

आष्टी, ता. परतूर
११ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
दैवशालाचा शि. सा. न. वि. वि.

साजियाने फोन आणून दाखवला, मी अक्षर मोठं करून वाचलं. तिच्या सासूला, लालबीला, सांडग्यांचं वाचून दाखवलं तर ती खोकला येईपर्यंत हसली. रावणाच्या गावाला जाऊन तू खोली झाडतेस, आता तुला काय म्हणावं? लंकेत सोन्याच्या विटा असतात म्हणतात. एक घेऊन ये, न्हाणीला दगड म्हणून लावू. इकडे राजूरला आमचे हे भाकरी थापायला शिकल्याचा निरोप आला आहे. तू महिनाभर राहिलीस तर माझं कल्याणच होईल.

आता खरं ते लिहिते. भुरी दूध देत नाही. तू गेलीस त्या सांजेपासून तिने पान्हा सोडलेला नाही. सरकी ठेवली, हिरवा घास ठेवला, तुझं लुगडं नेसून बसले. हुंगते, मान फिरवते आणि लाथेने बादली उडवते. कास तट्ट फुगली आहे, एका सडाला गाठ लागते. डॉक्टर म्हणाले, दूध बाहेर आलं नाही तर कासेला दगडी रोग होईल आणि म्हैस कायमची जाईल. पान्ह्याचं इंजेक्शन देऊ का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, आक्काला विचारल्याशिवाय बिलकुल नाही.

आक्का, रागावू नकोस. दूध काढताना तू पुंजारामदाजींची बंडी घालतेस हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तुला आपलं वाटतं कुणी पाहत नाही. ती बंडी गोठ्यातल्या खुंटीवर नाही. कणगीमागेसुद्धा शोधली. कुठे ठेवलीस ते लगेच कळव.

अंगदला, मीनाला आशीर्वाद. माझ्यावर आहे तेवढी माया ठेव, रागाचं नंतर बघू.

तुझी,
दैवशाला

*

बेंतोटा
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. दैवशालास,
आशीर्वाद. वि. वि.

बंडी माझ्यापाशी आहे. निघताना खुंटीवरून काढली आणि पिशवीत तळाशी घातली. परक्या मुलखात झोप लागणार नाही असं वाटलं, म्हणून उशाखाली घ्यायला. भुरीचा विचार आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. तेवढे दिवस ती कळ काढेल म्हटलं. लिहायलाही लाज वाटते.

पुढचं ऐक. काल मी वाळूत फिरत होते तेव्हा मीनाला ती उशाखाली सापडली. मळकी होती, शेणाचा डाग होता, म्हणून बिचारीने हॉटेलच्या धुण्यात टाकली. संध्याकाळी कडक इस्त्री होऊन कागदात गुंडाळून परत आली. तिला फुलांचा वास येतो. मी पुन्हा पुन्हा नाक लावून पाहिलं. तंबाखू नाही, पेंड नाही, घाम नाही. ह्यांचं तिच्यात काही उरलं नाही. मी मीनाला बोलले नाही, पण कालपासून तिच्या हातचं पाणी घेतलेलं नाही. तिला कळेना काय झालं. सारखी विचारते, आई, ऊन लागलं का.

अंगदला म्हटलं, मला विमानात बसवून दे, मी एकटी जाते. तो म्हणाला, म्हशीसाठी? त्याला काय सांगू? ह्यांनी तिला एवढीशी वगार असल्यापासून वाढवली. ती गेली की ह्यांच्या हातचं जितंजागतं काही त्या घरात राहत नाही. आणि येऊन तरी काय करू, बंडी तर धुतली. पायाला भिंगरी लागल्यासारखी सकाळपासून येरझारा घालते आहे. पुढे समुद्र आडवा येतो, मग मागे वळते. दोन दिवसांत डोंगरात नेणार आहेत, मला तर कुठेच जायचं नाही.

इंजेक्शन देऊ नकोस. पण काहीतरी कर.

तुझी,
आक्का

*

आष्टी
१४ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज संक्रांत. तिळगूळ घे आणि आधी गोड ते वाच. भुरीने पान्हा सोडला.

कसा ते लिहिते, हसू नकोस. तुझं पत्र वाचून मला आधी रागच आला. काल भोगीच्या सांजेला कोमट पाण्याने कास शेकत बसले होते. तेवढ्यात लालबी फाटक लोटून आत आली, तर भुरीने मान वर करून तिकडे पाहिलं. लालबी आत आली तरी ती फाटकाकडेच पाहत राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दाजी गेले तेव्हा आपण परतूरला, राजूरला, जालन्याला, साऱ्या सोयऱ्यांना निरोप धाडले. गोठ्यात कुणी सांगितलंच नाही. उलट तू दुसऱ्या दिवशी बंडी चढवून तिच्यापुढे जाऊन बसलीस. तिने वाट तरी किती पाहायची?

मी तिच्या गळ्यात हात घातला आणि म्हटलं, "भुरे, पुंजाराम गेले गं. मागल्या सालच्या मार्गशीर्षात गेले. आता न्हाई यायचे. बंडीत व्हती ती आमची आक्का व्हती. म्या दैवशाला हाये. मला ऐकू कमी येतंय, मंग तू कितीबी लाथा झाड, म्या हितंच बसून राह्यले."

लालबी पदराने डोळे पुसत होती. मग भुरीने मोठा उसासा टाकला आणि मी सडाला हात लावला तर धार आली. फार नाही, तांब्याभर. आज सकाळी बादली निम्मी झाली, गाठही मऊ पडली आहे. डॉक्टर म्हणाले, शेकल्याने कास मोकळी झाली. असेल, ते शिकलेले आहेत.

तू आता धावत येऊ नकोस, डोंगर बघून ये. आणि मीनाच्या हातचं पाणी पी. पोरीने मळलेलं कापड धुतलं, त्यात तिचं काय चुकलं?

गोड बोल. निदान पाहुण्या मुलखात तरी.

तुझी,
दैवशाला

*

नुवारा एलिया
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. दैवशालास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे धुकं आहे, गार आहे. चहाचे मळे तेल लावून भांग पाडल्यासारखे दिसतात. सीतामाईच्या देवळाला लागून ओढा वाहतो. तिथे दगडावर बसलो असताना मीनाने तुझं पत्र आल्याचं सांगितलं. माझा चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून तिलाच वाचायला लावलं. तिला त्यातूनच सगळं कळलं. "आता न्हाई यायचे" इथे येऊन ती थांबली. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं.

मग मला रडू आलं, दैवशाला. ते गेले त्या दिवशी मी आल्यागेल्याच्या चहाचं बघत होते. दहाव्याला पत्रावळी पुरतील का ते बघत होते. माझ्या डोळ्याला पाणी नव्हतं, हे तू पाहिलं आहेस. भुरीला सांगितलंस ते मलाही कुणी असं गळ्यात हात घालून सांगितलं नव्हतं. अंगद घाबरून पाणी आणायला धावला. त्याच्याआधी मीनाने बाटली पुढे केली, मी तिच्या हातून पाणी प्याले.

पुढे वाटेत मातीच्या गाडग्यात म्हशीचं दही विकायला होतं. गाडीतच बसून तिघांनी खाल्लं. घट्ट होतं. ह्यांना आवडलं असतं.

उद्या परत समुद्रावर जायचं आहे. या खेपेला मीनाचा हात धरून पाण्यात उतरेन म्हणते. तू आहेस तर मला घाई नाही.

बंडी घेऊन येते. धुतलेली आहे, इस्त्रीची आहे. पहाटे गोठ्यात गार लागतं, दूध काढताना तू घालत जा. आता ती नुसती बंडी आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, त्यातला थोडा भुरीलाही दे.

तुझी,
नंदाआक्का