नष्ट झालेल्या फाईलची नक्कल मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
अभिलेख कक्ष (रेकॉर्डरूम),
तालुका फौजदारी न्यायालय.

दिनांक: ११ मार्च

विषय: शेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या पंपचोरीच्या खटल्यातील निकालाची नक्कल, किंवा ती अस्तित्वात नसल्याचा दाखला, यांपैकी कोणतेही एक मिळण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदार हिचे याच विषयावरील यापूर्वीचे तीन अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर: ‘अर्ज त्रोटक आहे. खटल्याच्या सविस्तर हकीकतीसह पुन्हा करावा.’

महोदय,

संदर्भ क्र. २ मध्ये सविस्तर हकीकत मागितली आहे, म्हणून ती सविस्तर सादर केली आहे. अर्ज लांबल्याचा दोष अर्जदार हिच्या माथी येऊ नये, ही सुरुवातीलाच विनंती.

१. अर्जदार हिचे वय पासष्ट असून तिने एकतीस वर्षे शिवणवर्ग चालवला. तिचे पती वय सत्तर, पंपदुरुस्तीचे काम करतात. त्यांना सगळे मेस्त्री म्हणतात, म्हणून यापुढे तेच लिहिले आहे. उभयतांना लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली एकच मुलगी असून ती परदेशात राहते. एप्रिलअखेर तिचे बाळंतपण आहे. डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायची बंदी केली आहे आणि जावई जहाजावर नोकरीला असल्याने ऐन वेळी कोणत्या समुद्रात असतील ते त्यांनाही ठाऊक नाही. सबब आईबापांनी तेथे जाणे भाग आहे.

२. अर्जदार हिचा पासपोर्ट आला. मेस्त्रींचा अडला. कारण पोलीस पडताळणीत असे निघाले की त्यांच्यावर शेहेचाळीस वर्षांपूर्वी चोरीचा गुन्हा दाखल झाला होता, आणि पुढे ‘निकाल: माहिती उपलब्ध नाही’. पासपोर्ट कार्यालयाने निकालाची प्रमाणित नक्कल मागितली. ती नसेल तर अभिलेख नष्ट झाल्याचा न्यायालयाचा दाखलाही चालेल, असे खिडकीवरील बाईंनी सांगितले. मेस्त्री म्हणाले, ‘तू पुढे हो, मी मागून येतो.’ जो माणूस तालुक्याच्या गावी जाताना दोनदा चुकीच्या बसमध्ये बसला आहे, तो मागून कसा येणार, हे अर्जदार हिला समजत नाही. शिवाय मुलगी दररोज फोनवर ‘बाबांचं आलं का?’ एवढेच विचारते. आईचे आले, याचे तिला काही विशेष वाटलेले दिसत नाही.

३. जानेवारीत अर्जदार प्रथम आपल्या कार्यालयात आली. नकलांच्या खिडकीवर खटल्याचा क्रमांक विचारण्यात आला. क्रमांक कोठे मिळेल, असे विचारता तो निकालपत्रावर असतो, असे समजले. निकालपत्र मिळावे म्हणूनच आले आहे, असे सांगता, ‘मग क्रमांक आणा,’ असे उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यात जुन्या नोंदवह्या कोर्टाकडे दिल्याचे सांगितले. कोर्टात त्या ठाण्याकडे परत केल्याचे सांगितले. दोन्ही कार्यालयांच्या मधल्या रस्त्यावर चपला शिवणारे गृहस्थ बसतात, त्यांची मात्र सोय झाली.

४. दुसऱ्या अर्जाच्या वेळी प्रश्न असा निघाला की नक्कल मागण्याचा अधिकार फिर्यादी, आरोपी किंवा वकील यांनाच आहे. मेस्त्रींनी स्वतः यायला हवे होते हे खरे. पण त्यांनी ‘त्या इमारतीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही’ असे पंचेचाळीस वर्षांपूर्वी, सुटल्या दिवशीच म्हटले होते आणि आजवर त्यांना कोणी तसे करायला सांगितले नसल्याने तो शब्द त्यांनी सहज पाळला आहे. अर्जदार हिने कळवले की ती आरोपीची पत्नी तर आहेच, पण त्याच खटल्यातील सरकारपक्षाची साक्षीदार क्र. ३ देखील आहे. रेकॉर्डरूमचे कारकून भाऊसाहेब यांनी चष्मा काढून विचारले, ‘म्हणजे बाई, तुम्ही नवऱ्याविरुद्ध साक्ष दिलीत?’ तेव्हा ते नवरा नव्हते, असे अर्जदार हिने सांगितले. पुरावा मागण्यात आला. पुरावा फाईलमध्ये आहे.

५. आता खटल्याची हकीकत. त्या वर्षी गावच्या सार्वजनिक विहिरीवरचा डिझेल पंप अडीच महिने बंद होता. त्याबद्दल वर तीन पत्रे गेली होती. मेस्त्री तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि त्यांना बंद यंत्र बघवत नसे, अजूनही बघवत नाही. एके दिवशी उजाडता उजाडता त्यांनी तो पंप खोलला, हातगाडीवर घातला आणि दुरुस्तीसाठी आपल्या शेडमध्ये नेला. विहिरीच्या राखणदाराला जाग आली तेव्हा पंपाच्या जागी चार बोल्ट होते. पोलीस दहा वाजता शेडमध्ये पोचले, तोवर पंपाचे सगळे भाग गोणपाटावर ओळीने मांडलेले होते. पंचनाम्यात ‘माल सुटा करून विकण्याची तयारी’ असे लिहिले गेले. पंप जप्त झाला आणि खटला आठ महिने चालला. तेवढा काळ गाव पाणी शेंदत राहिले, हे फिर्यादीत नाही.

६. अर्जदार तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर असल्याने ती त्या दिवशी पहाटेच शिवणाच्या दुकानी येऊन मशीनवर बसली होती आणि खिडकीतून तिने हातगाडी जाताना पाहिली. सरकारी वकिलांनी तिला एवढेच विचारायचे ठरवले होते की हाच इसम होता काय. तिने हो म्हटले. पण नुसते हो म्हणून गप्प बसणे तिच्या स्वभावात नसल्याने तिने पुढे आपणहून सांगितले की इसम भर रस्त्याने, मधोमध, शीळ घालत चालला होता, आणि शीळ चांगली लांबपर्यंत ऐकू येत होती. सरकारी वकील घाईने खाली बसले. निकालात न्यायाधीश साहेबांनी लिहिले की चोरीचा माल नेणारा इसम वाजतगाजत जाईल, हे मनाला पटत नाही. मेस्त्री निर्दोष सुटले. पंप त्यांनी दोन दिवसांत चालू केला.

७. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करणे आवश्यक आहे. भाऊसाहेबांनी ‘बाई, हे अर्जात कशाला?’ असे सुचवले होते, परंतु हकीकत सविस्तर मागितली आहे. निकालानंतर महिनाभराने मेस्त्री फाटलेला खिसा शिवून घ्यायला दुकानी आले आणि म्हणाले, ‘मला शीळ येत नाही. गाडीचं चाक वाजत होतं.’ ‘मग कोर्टात का नाही सांगितलंत?’ ‘वकील म्हणाले, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि कोणी विचारलंच नाही.’ अर्जदार हिने जे ऐकले ते शपथेवर सांगितले होते. ते ओठांतून आले की चाकाच्या आसातून, हे खिडकीतून कळण्यासारखे नव्हते. त्यानंतर मेस्त्री आणखी तीनदा खिसा घेऊन आले. शेवटचे दोन खिसे ब्लेडने उसवलेले होते, हे शिवणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. चौथ्या खिशानंतर लग्न ठरले. साक्षीत दुरुस्ती करायची असल्यास अर्जदार हजर राहील.

८. फेब्रुवारीत भाऊसाहेबांना अर्जदार हिची दया आली. ते म्हणाले, ‘तुम्हांला आत येता येणार नाही. पण बस्ते बाहेर येऊ शकतात.’ जुन्या फाईली ज्या लाल कापडात बांधतात ती कापडे विरून कागद गळत होते. अर्जदार हिने व्हरांड्यातल्या बाकावर बसून सहा दिवस बस्ते शिवले. शिवण्यासाठी बस्ता सोडावा लागतो, सोडला की फाईली दिसतात, आणि दिसलेले वाचू नये असा नियम बाहेर लावलेला नाही. अकराव्या बस्त्यावर भलतेच वर्ष होते. त्यात हातगाडीचे पोलिसांनी काढलेले चित्र निघाले. चाके अंड्यासारखी काढली होती, तरी अर्जदार हिने गाडी लगेच ओळखली. मागोमाग निकाल, आणि साक्षीदार क्र. ३ ची माहेरच्या नावाची सही. अक्षर इतके गोल आणि ठाम होते की ही मुलगी कोण, असे क्षणभर वाटले. भाऊसाहेबांनी आनंदाने चहा मागवला.

९. चहा येईपर्यंत त्यांनी नोंदवही पाहिली. या खटल्यासमोर लाल शाईत ‘मुदत संपल्याने नष्ट’ असे लिहिले आहे. अठरा वर्षे झाली. भाऊसाहेबांनी एकदा वहीकडे आणि एकदा टेबलावरच्या फाईलकडे पाहिले. ‘बाई, ही फाईल नाही,’ ते म्हणाले. ‘नसलेल्या फाईलची नक्कल मला देता येत नाही.’ मग नष्ट झाल्याचा दाखला द्या, असे अर्जदार हिने म्हटले. त्यांनी फाईल हातात धरून सांगितले, ‘हे समोर असताना तो मी कसा देऊ? खोटा होईल.’ माणूस सज्जन आहे. त्यांनाच खरे तर जास्त त्रास झाला. चहा दोघांचाही थंड झाला.

१०. सबब विनंती अशी:

(अ) फाईल आहे की नाही, हे आपण ठरवावे. असेल तर नक्कल द्यावी, नसेल तर दाखला द्यावा. अर्जदार हिचे कशावरही भागेल आणि ती कोणत्याही बाजूने वाद घालणार नाही.

(आ) निर्णय एप्रिल उजाडायच्या आत व्हावा. खटल्यांप्रमाणे यात पुढची तारीख मिळत नाही.

(इ) नोंदवही खरी ठरावी एवढ्यासाठी फाईल आता घाईने नष्ट करू नये. मेस्त्रींनी काहीही लपवले नव्हते, ते भर रस्त्याने गेले होते, हे सांगणारा दुसरा कागद जगात नाही. आणि जी येणार आहे, किंवा जो येणार आहे, त्या नातवंडाला आजोबांचे खरेखोटे कधीतरी विचारावेसे वाटेल. तेव्हा सांगायला आम्ही असूच असे नाही.

अर्ज येथे संपवते. उद्या सकाळी अकरापासून व्हरांड्यातच आहे, बस्ते अजून चौदा उरले आहेत.

आपली विश्वासू,
(सही)
शिवणवर्गाच्या बाई,
साक्षीदार क्र. ३

सोबत: १) पासपोर्ट कार्यालयाचे पत्र. २) विवाह नोंदणीचा उतारा. ३) मुलीच्या डॉक्टरांचा दाखला. ४) आधीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.

अधीक्षकांचा शेरा, दि. १३ मार्च:
फाईल आज समक्ष पाहिली, सबब ती आहे. नोंदवहीतील ‘नष्ट’ हा शब्द माझ्या सहीने रद्द केला आहे. प्रमाणित नक्कल द्यावी. ती मात्र आरोपीने स्वतः येऊन घ्यावी, हा नियम मला मोडता येत नाही. साक्षीत दुरुस्तीची गरज नाही.

पोच, दि. १६ मार्च:
नक्कल मिळाली, पाने नऊ. उद्या सकाळच्या गाडीने पासपोर्ट कार्यालयात देतो. बस बरोबर आहे ना ते बघायला सौ. सोबत येत आहेत. निकाल आज व्हरांड्यात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्या दिवशी साहेब वाचत होते तेव्हा नीट ऐकला नव्हता. माझे लक्ष साक्षीदारांच्या बाकाकडे होते.
(सही) मेस्त्री, आरोपी