कपाळावरची मुंगी

अहो,

साखरेच्या बिमारीनं न भरणाऱ्या तुमच्या पायाच्या जखमेचं औषध आणायला लातूरला चालले. जिल्हा झाल्यापासून पहाटेची एसटी हाय.

सपान पडलं. आटलेला तलाव चहानं भरला होता अन् तुम्ही त्यातून एकेक पायरी वर येत होता. काठावर सगळी गल्ली उभी होती.

तुम्ही विभूतीच्या डब्यात साखर लपवलीत, ते काल कळलं. पूजेनंतर तुमच्या कपाळावर मुंगी फिरत होती. रागावले न्हाई. डबा पुसून ठेवलाय.

चहा शेजारी शिवकांताक्काकडं घ्या. टँकरच्या रांगेत आम्ही बायकांनी ठरवलं होतं, कुणाच्याही घरी तुमच्या कपात दर आठवड्याला पाव चमचा साखर कमी टाकायची. परवा अक्काचा चहा लई गोड झाला म्हणालात ना? त्यात साखर नव्हतीच.

महानंदा