‘लाल पहाट’च्या शेतावरचा पहिला बर्फ

वोल्गाकाठ, ११ नोव्हेंबर १९३७

प्रिय द्येम्यानदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. कोबी मिठात घालून झाला, शेगडी मात्र अजून घरभर धूर करते. पोरांचा खोकला थांबलाय. पत्र टपालानं न पाठवता तुमच्या गावी परतणाऱ्या प्रास्कोव्याकाकूंच्या बुटात घालून का पाठवतेय, ते कळेलच.

आर्सेनीचं चित्र प्रदर्शनात लागलं, तेही सगळ्यांत मोठ्या भिंतीवर! ऑक्टोबरात तुमच्याकडे आला होता, तेव्हा जंगलापल्याडच्या शेतात बसून काढलेलं. तू नाही का त्याला चिडवलंस, "जावईबापू, गोठलात तर तुम्हालाच चौकटीत बसवू"?

सुंदर चित्र आहे रे. करडं आभाळ, पहिला बर्फ आणि त्यातून डोकं वर काढून उभा असलेला ओट. न कापलेला.

बर्फ पडायच्या आत सगळं पीक निघालं, असं शेताचा अध्यक्ष म्हणून तू जिल्ह्याला कळवलं होतंस. पेपरात फोटो आला होता तुझा. आर्सेनीच्या हे ध्यानातही आलं नाही. त्याला फक्त रंग दिसतात. वर तुझा मान म्हणून चित्राखाली तुमच्या सामुदायिक शेताचं नाव घातलं त्यानं.

परवा जिल्ह्याचा एक माणूस चित्रापुढे बराच वेळ उभा होता. गोड आवाजात म्हणाला, "कॉम्रेड, हे मनानं काढलंत?"

आर्सेनीला तो अपमान वाटला. "मनानं? अहो, मी गवताची काडीसुद्धा मनानं काढत नाही! तिथं बसून काढलंय, बोटं बधिर होईपर्यंत."

मी मागून त्याचा कोट ओढत होते.

उद्या त्याला लेखी जबाब द्यायला बोलावलंय. मनानं काढलं म्हणाला, तर सामुदायिक शेतीची बदनामी केली म्हणून तो जाईल. पाहून काढलं म्हणाला, तर तू. वरच्या मजल्यावरचा चित्रकार असाच जबाब द्यायला गेला, तो आलाच नाही. त्याच्या बायकोशी आता जिन्यात कोणी बोलत नाही. मीसुद्धा नाही. मला फार भीती वाटते, दादा.

घोडे मेले, ट्रॅक्टर बंद पडला, गावावर बालंट नको म्हणून तू खोटं कळवलंस. मला का ठाऊक नाही?

आर्सेनी सकाळपासून ब्रश धुतोय. धुतलेलेच पुन्हा. मघाशी म्हणाला, "कापितोलिना, तूच सांग. म्हणशील ते लिहून देतो. भाऊ आहे तो तुझा."

मी पोरांकडे पाहिलं. म्हटलं, "जे पाहिलंस, तेच लिही."

काकू आता निघतील. संध्याकाळी हे तुझ्या हातात पडेल. वाचून चुलीत टाक, वहिनीला घे आणि रातोरात निघ. कुठे जाशील ते मला कळवू नकोस. त्यांनी विचारलं, तर मी सांगून टाकेन.

आई गेल्यावर तुझ्याच ताटात जेवून वाढलेली,
कापितोलिना