खड्ड्यातली सावली

गुरुवार, संध्याकाळ

यॉर्कशरमधल्या या जुन्या गावात आज तिसरा दिवस. चर्चशेजारच्या घराचं किचन वाढवतायत. डिगर खणतो आणि मी, पुरातत्त्ववाली, काठावर उभी राहून जुनं काही निघतंय का ते बघते. निघालं काहीच नाही. दिवसभरात बोलणं एवढंच: डिगरवाला म्हणाला, "ऑल राइट, लव्ह?" (इथे कुणालाही 'लव्ह' म्हणतात.) मी म्हटलं, "ऑल राइट." आहे का खरंच?

उन्हं कलल्यावर खड्ड्याच्या फोटोत माझी लांबच लांब सावली पडली. रिपोर्टला असला फोटो चालत नाही, म्हणून दुसरा काढला. पहिला डिलीट मात्र केला नाही. का कोण जाणे.

आत्ता पुण्याहून आईचा मेसेज: "तुझा एखादा फोटो पाठव." फोनमध्ये नुसते खड्डे. तोच सावलीचा पाठवला.

लगेच उत्तर आलं: "किती वाळलीस गं! जेवतेस ना?"