हा प्रश्न झाला, बाई

बाई, तुम्ही मला बक्षीस दिलेल्या नकाशासंग्रहात माझी नात राहते तो देश नाही. सातवीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही तो संग्रह माझ्या हाती ठेवलात. पहिल्या पानावर आशीर्वाद लिहिला नाहीत, सूचना लिहिलीत: ‘पानांचे कोपरे दुमडू नयेत.’ मी ते कधी दुमडले नाहीत. भडगावहून जळगावला आणि जळगावहून येथे धुळ्याला मुलाच्या घरी येताना माझी पुष्कळ पुस्तके मागे राहिली. हा संग्रह मात्र मागे राहिला नाही. गेले काही दिवस तो माझ्यासमोर उघडा आहे. आशियाच्या पानावर हिमालयाच्या वर एक प्रचंड फिकट गुलाबी देश पसरलेला आहे, आणि त्या गुलाबी रंगाच्या खालच्या कडेला, जिथे छपाई किंचित सरकलेली आहे, तिथे कुठेतरी माझी नात एका वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर बसलेली आहे. त्या भागाला आता किरगिझस्तान म्हणतात. तो तुमच्या पश्चात वेगळा झाला. त्याच्या राजधानीचे नावही तेव्हा निराळे होते. मी भिंग धरतो, अंदाजाने बोट ठेवतो, आणि बोट ठेवताच सगळे शहर त्याखाली झाकले जाते.

माझे आयुष्य जळगावच्या एका दैनिकात मुद्रिते तपासण्यात गेले. दुसऱ्यांच्या चुका शोधणे हा माझा व्यवसाय होता आणि तो मी अभिमानाने केला. त्यामुळे नात वैद्यकीय शिक्षणासाठी निघाली तेव्हा मी सुनेसारखा रडलो नाही आणि मुलासारखा विमानतळापर्यंतही गेलो नाही. मी तिला एक नियम घालून दिला. रोज संध्याकाळी फोन करायचा, आणि मी त्या देशाविषयी एक प्रश्न विचारीन त्याचे उत्तर द्यायचे. ‘कशी आहेस?’ असे मी विचारणार नव्हतो. त्या प्रश्नाला मुले ‘मजेत’ एवढेच उत्तर देतात आणि ते तपासता येत नाही. प्रश्न काढण्यासाठी मी स्वतः अभ्यास सुरू केला. त्या देशाच्या ध्वजावर सूर्य आहे आणि सूर्याच्या मध्यभागी तंबूच्या छताचे वर्तुळ आहे. तेथील लोक पांढऱ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, उंच टोपी घालतात. तेथे घोडीचे दूध आंबवून पितात. तेथे अक्रोडांची नैसर्गिक जंगले आहेत. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे. हे शेवटचे मला फार आवडले होते. अर्धा तास म्हणजे काही अंतर नव्हे, असे मी सुनेला समजावून सांगितले होते.

सुरुवातीची तिची उत्तरे भयंकर असत. मी विचारले, तेथील राष्ट्रीय पक्षी कोणता? ती म्हणाली, “ते नाही माहीत, आबा. पण मेसच्या खिडकीत कावळे येतात ना, ते अख्खे काळे. आपल्या कावळ्यांच्या मानेला कशी राख फासलेली असते, तशी नाहीच. एकदम कोळसा.”

“मी पक्षी विचारला. कावळा नाही.”

“मग कावळा काय भाजी आहे का, आबा?”

स्वयंपाकघरात सून खळखळून हसली. मला राग आला होता. दुसऱ्या एका संध्याकाळी मी प्रमुख अन्न विचारले, तर तिने कोपऱ्यावरच्या पाववाल्या बाईची कथा सांगितली. तिकडच्या गोल पावाला नानच म्हणतात. नातीने सुटे पैसे शोधताना विकत घेतलेला नान फळीवर पालथा ठेवला, आणि ती बाई ओरडलीच. नान उचलून तिने सुलटा केला आणि बोट नाचवून बरेच काही बोलली. “मला वाटलं, माझा हात लागलेला हिला चालला नाही,” नात म्हणाली. “नंतर मैत्रिणीने सांगितलं, नान पालथा ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान. आता ती मला बघितलं की आधी स्वतःच सुलटा करून देते आणि हसते.” तिचे पहिले वाक्य मी मनात पुन्हा वाचले. ते वाक्य आमच्या घरात कोठून आले, हे तुम्हाला सांगावे लागणार नाही. मला दाराजवळून उठवून पहिल्या बाकावर तुम्हीच आणून बसवले होते. तरीही मी म्हणालो, “प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात अपेक्षित होते.”

मग तिची उत्तरे एका वाक्यात येऊ लागली. ‘इस्सिक-कूल हे सरोवर कडक हिवाळ्यातही गोठत नाही.’ ‘हिमबिबट्या वाघाप्रमाणे डरकाळी फोडू शकत नाही.’ कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, उच्चार स्वच्छ. पहिल्या दिवशी मी तिला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी मुलाला म्हणालो, बघ, पोरगी सुधारली. तो ताटातून मान वर न काढता ‘हो’ म्हणाला. चौथ्या दिवशी दुपारी जेवताना घास माझ्या हातातच राहिला. हिमबिबट्या तिने पाहिलेला असणे शक्य नव्हते. सरोवर शहरापासून दूर. ही उत्तरे बरोबर होती, पण त्यांत एकही कावळा नव्हता. तीन दिवसांत कोणी तिच्यावर ओरडले नव्हते, कोणी हसले नव्हते, तिच्या चपलेला चिखल लागला नव्हता. ही सगळी उत्तरे खोलीत बसून मिळणारी होती. बाई, इतक्या वर्षांत मी चुकांना भ्यालो. बरोबर उत्तरांची भीती मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटली.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी प्रश्न विचारला, “आज पाववाल्या बाईने डोक्याला कोणत्या रंगाचा रुमाल बांधला होता?”

स्वयंपाकघरात सुनेचा भाकरी थापणारा हात थांबला, ते मला ऐकू आले.

“आबा, आज दुकान बंद शे.”

“आणि काल?”

“कालबी.” माझ्यासमोर ती प्रमाण मराठीतच बोलते; घरातला तो दंडक माझा. “आम्ही बठ्ठ्या पोरी खोलीमाच शेत, आबा. माले भीती वाटस.”

सगळ्या पोरी खोलीतच बसून आहेत एवढे मला कळले; तिची भाषा मी दुरुस्त केली नाही. मुलाने माझ्या हातातून फोन घेतला, आतल्या खोलीत गेला, आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन माझ्यासमोर बसला. नरडाण्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता; बूटही काढलेले नव्हते. त्या शहरात काही तंटा झाला आहे, तो परदेशी विद्यार्थ्यांवर आला आहे, कॉलेजने कोणी बाहेर पडू नये असे सांगितले आहे, एके रात्री वसतिगृहासमोर जमाव आला होता आणि खालच्या खिडक्या फुटल्या, हे सगळे त्याला माहीत होते. सुनेलाही माहीत होते. विमानाची तिकिटे मिळत नव्हती. तळमजल्यावर राखणीला बसणारी तिकडचीच एक म्हातारी आहे. तिने आपली खुर्ची दाराला आडवी लावली आहे आणि ती तिथून उठत नाही, एवढी एकच गोष्ट त्याने जरा बऱ्या आवाजात सांगितली.

“मला का सांगितले नाहीस?”

“सांगून काय केलं असतं, आबा? तुम्ही मंत्रालयाला शुद्ध मराठीत एक अर्ज लिहिला असता.”

तो ओरडला नाही, थकून बोलला. सून त्याला म्हणाली, “अहो, गप बसा ना.” मी उठून नकाशासंग्रह काढला. अर्ज मी खरोखरच लिहिला असता.

तेव्हापासून मला त्या देशाविषयी जे जे येते ते मला घाबरवते. ‘भूवेष्टित देश’ ही व्याख्या मी हौसेने पाठ केली होती: ज्याला समुद्रकिनारा नाही, जो सर्व बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. आता डोळे मिटले की मला ते वेढलेपण दिसते. देशाचा बहुतांश भाग डोंगराळ आहे, म्हणजे रस्ते थोडे. हिमबिबट्याला डरकाळी फोडता येत नाही, म्हणजे तो आला तरी कळत नाही. तो शहरात येत नाही हे मला ठाऊक आहे, बाई. ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नाही. आणि तो अर्धा तास. माझ्या घड्याळात आठ वाजतात तेव्हा तिच्याकडे साडेआठ वाजलेले असतात, आणि मला वाटते की जे व्हायचे ते तिथे होऊन गेले आहे, फक्त मला ते अजून कळायचे आहे. हा विचार तर्कदृष्ट्या सदोष आहे. दोन्हीकडे क्षण एकच असतो. मी स्वतःला हे रोज समजावतो आणि रोज पुन्हा घड्याळाकडे पाहतो.

भडगावात गिरणा नदीला पूर आला तो दिवस मला आता सारखा आठवतो. पाणी शाळेच्या पायऱ्यांना लागले आहे आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना माडीवर नेले आहे. हजेरीपुस्तक खालीच राहिले. तुम्ही गुंडाळीचा जगाचा नकाशा मात्र काखेत घेतला आहे. माडीला एकच खिडकी, आणि पटांगणाच्या जागी तपकिरी पाणी फिरते आहे. पलीकडच्या वस्तीतली मुले रडू लागतात. तुम्ही नकाशाचे एक टोक मला धरायला लावता, छडी उचलता आणि म्हणता, “चला, जपान.” आम्ही चकित होतो. राजधानी? टोकियो. ध्वजावर काय? लाल गोळा. लोक काय खातात? “भाकरी!” असे कोणीतरी ओरडतो आणि रडणारी मुलेसुद्धा हसतात. मग सर्वांत लहान मुलगी विचारते, “बाई, जपानात पूर येतो का?”

“येतो.”

“मग?”

“मग ओसरतो. पुढचा. डोंगर सांग.”

खाली काहीतरी मोठे भिंतीवर आदळते; लाकूड असावे. तुम्ही मागे वळून पाहत नाही. तुम्ही विचारता, “जपानची राजधानी?” आणि मी, नकाशाचे टोक धरून उभा असलेला, तुमची चूक सापडल्याच्या आनंदात म्हणतो, “हा प्रश्न झाला, बाई.” तुम्ही माझ्याकडे पाहता. “झाला तर परत सांग. मोठा आला चुका काढणारा.” वर्ग हसतो. माझे कान तापतात. बाई, तो अपमान मी विसरलो नाही. तुम्ही मला बक्षीस दिलेत, पुढच्या बाकावर बसवलेत, पण त्या दिवशी मी बरोबर होतो आणि तुम्ही चुकला होता, हे मी मनात जपून ठेवले. पुढे ज्या ज्या लेखकाची चूक मी लाल शाईने काढली, त्याला मी मनातल्या मनात सांगत असे की चूक ही चूकच.

काल तिचा फोन आला तेव्हा त्यांच्या खोलीत पाच जणी होत्या. सगळ्या आपल्याच बाजूच्या, एक तर रावेरची. फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला होता. मागे दूर कुठेतरी पुष्कळ माणसांचा आवाज येत होता, किंवा वारा असेल. एक मुलगी कुजबुजली, “लाईट घालव, लाईट घालव.” मग काहीच ऐकू येईना, नुसते श्वास. मुलगा आणि सून माझ्या दोन बाजूंना उभे होते. तेव्हा मी म्हणालो, “चला, जपान.”

“काय आबा?”

“जपान. राजधानी?”

“टोकियो,” माझी नात म्हणाली.

“ध्वज?” दुसरीने सांगितला. बेटे कोणती, यावर दोघींचे जुंपले. मी विचारले, तेथे काय पिकते? रावेरची मुलगी हळूच म्हणाली, “भात पिकतो, आबा. केळी आम्ही पाठवू.” त्या अंधारातून मला हसण्याचा आवाज आला, बाई. अगदी थोडा. त्यानंतर तो दूरचा आवाज जवळ आल्यासारखा वाटला. माझ्या मुलाने माझा खांदा धरला. मला पुढचा प्रश्न हवा होता आणि माझ्यापाशी एकही नव्हता. जन्मभर साठवलेले सगळे गेले होते.

“राजधानी?” मी विचारले.

“आबा, हा विचारून झाला.”

“झाला तर परत सांग.”

आणि त्या पाचही जणी एकदम, कुजबुजत म्हणाल्या, “टोकियो.”

त्या दिवशी माडीवर तुमचे वय किती होते, ते मी आज मोजून पाहिले. माझ्या नातीपेक्षा तुम्ही फार मोठ्या नव्हता. तुम्हाला भीती वाटते आहे, हे मला नकाशाचे टोक धरून इतक्या जवळ उभा असूनही कळले नाही.

हे पत्र पाठवण्याचा पत्ता नाही. ते मी या संग्रहातच ठेवीन. विमानात दोन जागा मिळण्याची शक्यता आहे, असे मुलगा आज सकाळी म्हणाला; दोन जागा आणि पाच मुली. तिच्या फोनची वेळ होऊन गेली आहे. सूनबाईंनी भाकऱ्या झाकून ठेवल्या आहेत आणि घरात कोणी जेवलेले नाही. फोन आला तर मी जपानपासूनच सुरुवात करीन. मला दुसरे काही येत नाही. आणि आणखी एक. फोन वाजला की घाईत हवे ते पान वेळेवर सापडत नाही. म्हणून, बाई, आशियाच्या पानाचा कोपरा मी दुमडला आहे.