तारीफ वाढली म्हणून वाटलेले पेढे

मंगळवार, संध्याकाळ. सांगली.

सकाळी मुलगा फोनवर बोलत होता. मला ऐकू आलं, तो कामाला आहे त्या फौंड्रीच्या मालाची अमेरिकेत तारीफ वाढली. मी शेजारी पेढे वाटले.

आत्ता जेवताना तो म्हणाला, "आवं आबा, तारीफ न्हाई, टॅरिफ! म्हंजी जकात. माल तिकडं महागला, ऑर्डरी थांबल्या. उद्यापास्नं मला घरीच बसायला सांगितलंय."

"सरकार मदत करंल की?"

"निर्यातीवर थेट पैसे द्यायला जागतिक व्यापाराचे नियम आडवे येत्यात."

हे नियम करताना आपलं कुणी होतं का तिथं? विचारायचं राहिलं. रडूही येत नाही, असं कसं? तारीफच ऐकलं होतं मी.

शेजारी दारातून ओरडला, "आबा, पेढं झ्याक! पोराला बढती कवा?"

मी त्याला आणखी एक पेढा दिला.